दर तासाला सात

श्रीखंडाचे डबे गार राहावेत म्हणून शेटे सरांनी थर्माकोलच्या खोक्यातल्या रक्ताच्या नळ्या बाहेर काढल्या आणि जीपच्या मागच्या बाकावर आडव्या टाकल्या. वरून माझीच ओढणी पसरली. मे महिना, दुपारचे बारा वाजलेले, आणि शाळेच्या पटांगणातल्या एकुलत्या एक लिंबाच्या सावलीत पाहुण्यांच्या गाड्या लागलेल्या. आमची जीप भर उन्हात होती.

“सर, बर्फ नळ्यांसाठी आणला होता,” मी म्हणाले.

“आणि पाहुण्यांनी काय आंबलेलं श्रीखंड खायचं?” सर हसले. “तासाभराचा प्रश्न आहे, हेमलता. रक्त म्हणजे काही दूध नाही नासायला.”

डब्याच्या कडेला लागलेलं श्रीखंड त्यांनी बोटानं पुसून घेतलं आणि ते बोट चाटलं. त्याच हातानं त्यांनी आत्ता नळ्या उचलल्या होत्या, आणि त्यातल्या दोन नळ्यांच्या टोपणाखालून रक्त पाझरलेलं मी पाहिलं होतं. पुढे कितीतरी वर्षं मला श्रीखंडाचा वास सहन होत नसे आणि घरातल्यांना मी सांगायची, पित्त होतं.

ही सतरा-अठरा वर्षांपूर्वीची गोष्ट. मी मिरजेत लॅबचा डिप्लोमा केला होता आणि सांगलीच्या पूर्वेकडच्या दुष्काळी पट्ट्यातल्या एका तालुक्याच्या गावी शेटे सरांच्या लॅबमध्ये काम करत होते. सर डॉक्टर नव्हते. ते माझ्यासारखेच तंत्रज्ञ, फक्त वीस वर्षं जुने आणि शंभर पट धीट. सांगलीचे एक डॉक्टर कोऱ्या कागदांच्या गठ्ठ्यावर सह्या करून देत, एवढाच काय तो त्या डॉक्टरांचा आणि आमच्या रिपोर्टांचा संबंध. हे मला पहिल्या आठवड्यात कळलं होतं. मी तिथे तीन वर्षं राहिले.

त्या दिवशी एका ट्रस्टनं गरोदर बायकांसाठी शिबिर भरवलं होतं. एकसष्ट बायका आल्या होत्या, काही तर दहा-दहा किलोमीटर चालत. सकाळी साडेआठला सगळ्यांना ग्लुकोजचं पाणी पाजलं आणि दोन तासांनी रक्त घेतलं. गरोदरपणात साखर वाढली की बाळ पोटात नको तेवढं मोठं होतं, कधी पोटातच जातं. पण वेळेवर कळलं तर पथ्यानं, इंजेक्शनांनी ते सांभाळता येतं. शिबिर त्याचसाठी होतं, निदान फलकावर तरी तसं लिहिलं होतं.

आता नळ्यांचं सांगते, कारण पुढचं सगळं त्यांच्यावर आहे. रक्त अंगातून काढलं तरी त्यातल्या पेशी लगेच मरत नाहीत. त्या नळीत बसून साखर खात राहतात. म्हणून साखरेसाठी करड्या टोपणाची नळी असते, तिच्यात एक पावडर असते आणि ती पेशींचं हे खाणं थांबवते. जांभळ्या टोपणाची नळी हिमोग्लोबिनसाठी. लाल टोपणाची साधी, आत काहीच नसतं. तिच्यात साखरेसाठी रक्त घ्यायचंच असेल तर तासाभराच्या आत ते यंत्रात फिरवून वरचं पाणी वेगळं काढावं लागतं. शिबिराला असलं यंत्र आम्ही नेलं नव्हतं. करड्या नळ्या सरांनी वीसच आणल्या होत्या, आणि त्या वीसही पाहुण्यांसाठी बाजूला काढलेल्या. ट्रस्टचे अध्यक्ष, त्यांच्या मंडळी, सरपंच, दोन माजी काहीतरी. सकाळी पोटभर पोहे खाऊन ही माणसं हात पुढे करून बसली आणि म्हणाली, आमचंही सगळं बघून टाका.

रांगेत सगळ्यात शेवटी महादेवी होती. तिचं नाव लक्षात राहायला तेव्हा काही कारण नव्हतं. सावळी, रुंद चेहऱ्याची, असेल तेवीस-चोवीस वर्षांची. माझ्यापेक्षा दोनएक वर्षांनी लहान. सहावा महिना चालू होता, पण पोट आठव्या महिन्याचं दिसत होतं. मी दंडाला पट्टा बांधला तशी ती माझ्या हाताकडे पाहत म्हणाली,

“ताई, मगाशी त्या जाड बाईंचं करड्या नळीत घेतलंसा. माझं लालमदी का वो?”

दिवसभरात एकसष्ट बायकांत एकीनंच हे विचारलं.

“दोन्ही सारख्याच,” मी म्हणाले.

“न्हाई, मला वाटलं काय तरी येगळं असंल.” सुई टोचली तेव्हा तिनं तोंड फिरवलं नाही. “माझं पयलं लेकरू आठव्या म्हैन्यात पोटातच गेलं. दुसरं झालं, ते दोन दिसांत गेलं. दोनी लेकरं ही एवढी मोठी व्हती. लोक म्हनायचे, काय बाळसं हाय. मिरजंच्या दवाखान्यातल्या बाई म्हनाल्या, एवढं मोठं लेकरू म्हंजे शुगर बघाया पायजे. पर आमच्या घरात कुनी ऐकना. आंगनवाडीच्या बाईनं हितं आनलं मला.”

“बरं केलं.”

“शुगर निघाली तर औषिद मिळतं न्हवं?”

“मिळतं. पथ्य पाळायचं, इंजेक्शनं घ्यायची. सांभाळलं तर बाळ नीट होतं.”

“मग माझं तुमीच बगा, ताई. दुसऱ्या कुनाच्या हातात दिऊ नगा.”

“मीच बघेन,” मी म्हणाले आणि तिच्या नळीवर एकसष्ट नंबर टाकला.

तेव्हा साडेदहा वाजले होते. अकराला निघालो असतो तर बारापर्यंत लॅबमध्ये पोचलो असतो. पण अकराला सत्कार होता. तो साडेबाराला सुरू झाला.

अध्यक्ष अर्धा तास बोलले, मातृशक्तीवर. समोर मातृशक्ती उपाशीपोटी सतरंजीवर बसली होती, कारण बायकांचं जेवण पाहुण्यांच्या नंतर होतं. मग सर बोलायला उठले. खांद्यावर शाल, हातात नारळ, ओठाच्या कोपऱ्यात श्रीखंडाचा पिवळा ठिपका. मला त्या ठिपक्यावरून नजर हलवता येत नव्हती.

“खेड्यापाड्यातून रक्त न्यायचं म्हटलं की लोक शंका काढतात,” सर म्हणाले. “वाटेत साखर कमी होते, रिपोर्ट चुकतो. पण आमचा रिपोर्ट चुकत नाही. कारण आम्ही त्यावर संशोधन केलंय. किती तासांत किती साखर उतरते, याचा तक्ता आमच्या लॅबमध्ये आहे. पुण्या-मुंबईच्या लॅबमध्ये नसेल.” टाळ्या पडल्या. “आणि हे संशोधन करणारी व्यक्ती इथेच आहे. या, हेमलता मॅडम, वर या.”

हो, तो तक्ता माझा होता.

मी वर गेले. अध्यक्षांच्या मंडळींनी मला गुलाबाचं फूल दिलं, कुंकू लावलं. फोटो काढला. खाली सतरंजीवर बसलेल्या बायकाही टाळ्या वाजवत होत्या, त्यांत महादेवी होती आणि तिच्या चेहऱ्यावर असा काही भाव होता की आपलं रक्त बरोबर माणसाच्या हातात पडलंय. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं. माझ्या घरात तोपर्यंत मला कुणी कशासाठीच टाळ्या वाजवल्या नव्हत्या.

लॅबवर पोचलो तेव्हा साडेतीन झाले होते. पाच तास. मी ओढणी उचलली तर ती नळ्यांना चिकटली होती. रक्ताचा एक वास असतो, नाण्यासारखा, तो मला सवयीचा होता. त्या दिवशी त्यात आंबूस काहीतरी मिसळलं होतं. नळ्या फिरवल्या तर वर यायला हवं होतं पिवळसर स्वच्छ पाणी, आलं ते कोकमाच्या सारासारखं तांबूस. उन्हात पेशी फुटल्या होत्या. मी नाक दाबून ते पाणी मशीनला लावलं.

पहिला आकडा आला चव्वेचाळीस. दुसरा सत्तेचाळीस. मग एकोणचाळीस, एक्कावन्न, बेचाळीस. एवढी साखर असलेलं माणूस डोळे पांढरे करून पडतं. या बायका ग्लुकोजचा पेला पिऊन नंतर दोन तास अखंड बडबडत होत्या. मी पाहुण्यांच्या करड्या नळ्या लावून पाहिल्या. एकशे आठ, सत्याण्णव, एकशे सोळा. तेच मशीन, तीच दुपार, तेच माझे हात. करड्या नळ्यांचं रक्त सकाळी होतं तसंच राहिलं होतं आणि लाल नळ्यांतली साखर अर्ध्याहून जास्त खाऊन संपली होती.

सर आतल्या खोलीत उरलेलं श्रीखंड डब्याच्या झाकणात घेऊन खात बसले होते.

“सर, हे सगळं फेकावं लागेल,” मी म्हणाले. “उद्या परत जाऊ. करड्या नळ्या घेऊन जाऊ.”

“एकसष्ट बायकांना परत सुया टोचायच्या?” सरांनी बोटं चाटली. “लोक काय म्हणतील? अजून हार सुकले नाहीत गळ्यातले. तक्ता काढ.”

“सर, तो तक्ता इथे नाही लागू पडत.”

“का?”

का ते मला पक्कं ठाऊक होतं. जानेवारीत एका रविवारी मी स्वतःच्या दंडातून रक्त काढून आठ लाल नळ्यांत ठेवलं होतं आणि दर तासाला एकेक नळी मशीनला लावली होती. दर तासाला सात टक्के साखर उतरत होती. मी पट्टीनं रेघा मारून, दोन रंगांच्या पेननं एक तक्ता केला आणि कौतुकानं सरांना दाखवला. नळ्या ठेवून देऊ नयेत, म्हणून तो दाखवला होता. सर बघत राहिले आणि म्हणाले, अगं, म्हणजे तासाला सात मिळवले की झालं. तेव्हा मी त्यांना अडवलं नाही. उलट त्यांना एवढं पटकन समजलं याचा मला आनंद झाला. त्या दिवसापासून आमच्या लॅबमध्ये उशिरा आलेल्या रक्ताला दर तासाला सात मिळवायचा रिवाज पडला. तक्ता कपाटाच्या दाराला आतून चिकटवला होता. बाहेरच्या माणसाला तो दिसायचा नाही.

“तो जानेवारीतला आहे, सर. खोलीतल्या गारव्यातला. आणि माझ्या एकटीच्या रक्तावरचा. हे उन्हात पाच तास भाजलंय.”

“मग हे मगाशी स्टेजवर का नाही बोललीस?”

मी केसात खोचलेलं गुलाबाचं फूल काढून हातात घेतलं.

“फूल घेताना गोड वाटलं ना?” सर रागावले नव्हते. ते कधीच रागवायचे नाहीत. “पाच साते पस्तीस टक्के. मिळव आणि लिहून टाक. सगळ्या धडधाकट बायका आहेत, काय होतंय त्यांना? आणि हे बघ, पुढच्या महिन्यापासून रिपोर्टच्या कागदावर खाली तुझं नाव छापून घेणार आहे. मुख्य तंत्रज्ञ. बोललोय मी छापखान्यात.”

मी टेबलाशी जाऊन बसले आणि मिळवायला लागले. चव्वेचाळिसाचे एकोणसाठ झाले, एक्कावन्नचे एकोणसत्तर. मघाशी जे आकडे ओरडून सांगत होते की आम्ही खोटे आहोत, ते मिळवणी केल्यावर शहाण्यासारखे ओळीत बसले. कुणी पाहिलं असतं तर त्याला वाटलं असतं, काय निरोगी गाव आहे. माझा तक्ता नसता तर ते आकडे असे उघडे पडले असते की सरांनासुद्धा ते कुणाला दाखवायची लाज वाटली असती आणि दुसऱ्या दिवशी मुकाट्यानं परत जावं लागलं असतं. त्यांना कपडे चढवले मी.

शेवटचा नंबर एकसष्ट. आकडा आला अठ्ठ्याऐंशी.

मी तो दोनदा लावून पाहिला. दोन्ही वेळा अठ्ठ्याऐंशी. साठ बायकांचे आकडे चाळीस-पन्नासाच्या घरात आणि हिचा एकटीचा अठ्ठ्याऐंशी. मी कागद घेऊन आत गेले.

“हिचं बघा, सर. सगळ्यांच्या दुप्पट आहे. आणि हिची दोन मोठी मुलं गेलीयत.”

“तक्त्यानं किती होतात?”

“एकशे एकोणीस.”

“मर्यादा किती?”

“एकशे चाळीस.”

“मग? नॉर्मल लिही. तक्ता तुझा, मिळवणी तुझी, मला कशाला विचारतेस?”

मी बाहेर आले. आता हे सांगायलाच हवं. इतर बायकांची खरी साखर शंभराच्या आसपास असणार आणि ती पंचेचाळिसावर आली होती. त्याच मापानं महादेवीची खरी साखर एकशे नव्वदच्या पुढे जात होती. हा हिशेब मला पुढे कधीतरी सुचला असं नाही. तो त्याच खुर्चीवर, हातात पेन असताना माझ्या डोक्यात झाला होता. एकशे नव्वद. मी एकशे एकोणीस लिहिलं आणि पुढे नॉर्मल लिहिलं, सुवाच्य अक्षरात.

चार दिवसांनी रिपोर्ट वाटायला मी आणि जीपवाले तायाप्पा गेलो. महादेवीचं घर गावाबाहेर, द्राक्षबागेच्या कडेला. नवरा बागेत फवारणीच्या कामावर गेला होता. तिची सासू नीलव्वा, जिला ती आत्ती म्हणायची, उंबऱ्यात बसून तांदूळ निवडत होती.

“वाचा की ताई, मोठ्यानं वाचा,” ती म्हणाली. “सुनंला ऐकू द्या.”

“साखर नॉर्मल आहे,” मी वाचलं.

“बघ. मी म्हनत न्हवते?” नीलव्वा सुनेकडे वळली. “आंगनवाडीच्या बाईचं ऐकून दीड म्हैना गोड सोडलीस. लेकरू पोसायचं कसं? आज पाडवा न्हाई, सन न्हाई, तरी मी पुरन घालनार.”

महादेवी रिपोर्ट हातात घेऊन उभी होती. चौथीपर्यंत शिकलेली, एकेका अक्षरावर बोट ठेवत होती. मग हळूच माझ्याजवळ आली.

“ताई, मला तहान लई लागतीया. रातच्याला चार-चारदा उठाया लागतंय. तसंच पयल्या दोन खेपंलाबी व्हतं.”

तहान, सारखं उठणं, मोठी मुलं. कॉलेजच्या पुस्तकात पहिल्या पानावर असतं ते.

“उन्हाळा आहे ना,” मी म्हणाले.

“तेबी खरंच,” ती म्हणाली, आणि तिच्या चेहऱ्यावरचं ओझं उतरलेलं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

नीलव्वानं जेवल्याशिवाय सोडलं नाही. पुरणपोळी, वर गुळवणी, वर तूप. तायाप्पांना बाहेर वाढलं, मला आत, महादेवीच्या शेजारी. माझ्या ताटात दोन पोळ्या आणि तिच्या ताटात तीन. “खा, आता कशाची भीती न्हाई,” सासू म्हणत होती आणि महादेवी दीड महिन्याच्या उपासातून उठल्यासारखी भराभर खात होती. मी तिला थांबवू शकले असते. एक वाक्य पुरलं असतं: परत एकदा तपासू या. कारणसुद्धा द्यायची गरज नव्हती. पण मग दुसरा रिपोर्ट वेगळा आला असता आणि पहिला का चुकला ते विचारलं गेलं असतं, आणि पहिल्यावर माझं अक्षर होतं. मी दोन्ही पोळ्या संपवल्या. ताटात टाकणं बरं दिसलं नसतं.

ऑगस्टमध्ये ती लॅबमध्ये आली. एकटी, एसटीनं. पोट सपाट झालेलं, गाल बसलेले. मी ओळखलं नाही असं दाखवायचा मोह झाला, पण तिनंच हाक मारली.

“ताई, मी महादेवी. शिबिरातली. शेवटच्या लंबरची.”

“बस,” मी म्हणाले. मला पुढचं कळलं होतं, तरी विचारलं, “काय झालं?”

“आठव्या म्हैन्याच्या शेवटाला गेलं. हालायचंच थांबलं. पोरगी व्हती. साडेचार किलोची.” ती सांगताना रडली नाही. “दवाखान्यात इचारलं, शुगर बघितलीवती का? मी तुमचा कागुद दावला. डॉक्टर म्हनाले, ही तर नॉर्मल हाय. मग काय कारन असंल ते कळंना म्हनाले.”

मी टेबलावरची कापसाची बरणी उगाचच इकडची तिकडे केली.

“आता आत्ती म्हनत्यात, रक्त चांगलं हाय म्हंजे बाईच वाईट. कूसच तसली. मालकास्नी दुसरी बघाया लागल्यात, चडचणची एक पोरगी बघून आल्यात. मला म्हायेरी जा म्हनत्यात.” तिनं पदराच्या गाठीतून माझ्या अक्षरातला तो कागद काढला. घामानं मऊ पडलेला. “ताई, रक्तात असलं आनखी काय बघता येतं का, ज्यानं कळंल मी वाईट न्हाई? तुमीच बगा. माझा दुसऱ्या कुनावर भरवसा न्हाई.”

शेटे सर त्या दिवशी सांगलीला होते, आणखी कुठल्यातरी शिबिराच्या बोलण्यासाठी. लॅबमध्ये मी एकटी होते. मला अडवायला, दटावायला, बढती दाखवायला कुणीही नव्हतं. हे मी मुद्दाम सांगते आहे. इतकी वर्षं मी ही गोष्ट ज्या दोन-चार जणांना सांगितली, त्यांना शेटे सरांबद्दलच सांगितली. त्यांचं बोट चाटणं, त्यांचा डबा, त्यांचे सही केलेले कोरे कागद. ऐकणाऱ्यांना शिसारी यायची आणि मला हलकं वाटायचं. ऑगस्टमधली ही दुपार मी कुणाला सांगितलेली नाही.

मी करड्या टोपणाची नळी घेतली. सकाळी काय खाल्लंस विचारलं, भाकरी आणि चहा म्हणाली. रक्त काढलं, लगेच फिरवलं, लगेच लावलं. सगळं मिळून वीस मिनिटं लागली. कुठलाही तक्ता लागला नाही. आकडा आला दोनशे बारा.

“तुला साखर आहे, महादेवी,” मी म्हणाले.

ती माझ्याकडे पाहत राहिली. “आता झाली?”

“नाही. आधीपासून असणार.”

“शिबिराच्या येळंला?”

“तेव्हाही.”

कोपरात धरलेला कापूस तिनं काढला, त्यावरचा लाल ठिपका पाहिला आणि कापूस तळहातात चुरगळून धरला.

“म्हंजे ह्या पोरीला वाचिवता आलं असतं.”

मी मान डोलावली.

“आनि माझ्या कुशीत काय वाईट न्हाई.”

“नाही. हा आजार आहे, औषधानं आटोक्यात राहतो. पुढचं मूल नीट होऊ शकतं.” मी तिला मिरजेच्या एका डॉक्टर बाईंचं नाव लिहून दिलं, कसं जायचं ते सांगितलं. मी घाईघाईनं बोलत होते. चांगलं काहीतरी करते आहे असं मला वाटायला लागलं होतं.

“ताई,” ती म्हणाली, “हे मला कागदावर लिवून द्या. आदीचा रिपोट चुकला व्हता म्हनून. आत्तीला वाचून दाकीवते. माझ्या म्हनन्यावर त्यांचा इस्वास बसायचा न्हाई.”

मी कागद पुढे ओढला. त्यावर खाली माझं नाव छापलेलं होतं, सरांनी शब्द पाळला होता. पेनचं टोपण काढलं. लिहायचं एवढंच होतं: चुकीच्या नळीत रक्त घेतलं, पाच तास उन्हात ठेवलं आणि आकडा मी मनानं वाढवून नॉर्मल लिहिलं. तीन ओळी. पहिला शब्द मी लिहिलाही, ‘मागील’. मग माझा हात चालत राहिला आणि त्यानं लिहिलं: मागील अहवाल यंत्रातील तांत्रिक बिघाडामुळे चुकीचा आला होता, त्याबद्दल दिलगीर आहोत. खाली शिक्का मारला.

तिनं कागद घेतला आणि एकेका अक्षरावर बोट ठेवून वाचायला लागली. ‘यंत्रातील’वर अडकली, परत मागे गेली, परत वाचलं. मी तिच्या बोटाकडे पाहत होते. एवढी मला कुणाच्याच बोटाची कधी भीती वाटली नव्हती.

“म्हंजे मशीन बिगडलं व्हतं?”

“हो,” मी म्हणाले.

“मग त्यात तुमची काय चूक, ताई.” तिनं कागदाची नीट घडी घातली आणि जुन्या रिपोर्टाबरोबर पदराला बांधली. तिचे डोळे आत्ता पहिल्यांदा भरून आले होते. “मशीनला तुमी तरी काय करनार. तुमी मनाला लावून घिऊ नगा. तुमी बघितलं म्हनून तरी कळलं, न्हाईतर माझा संसार मोडला असता.”

आणि ती वाकली. माझ्या लॅबमधल्या रबरी चपलांवर, ज्यांच्यावर किती जणांचं रक्त सांडून वाळलं होतं देव जाणे, तिनं दोन्ही हात टेकले आणि ते आपल्या कपाळाला लावले. पाय मागे घ्यायला जागा होती, वेळही होता.

“असू दे, असू दे,” मी म्हणाले.